पांढरा कांदा : गोड, पण साखरेचा नव्हे

उन्हाळ्याच्या तोंडावर रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या रस्त्यांवर पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसू लागतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा. भातकापणीनंतर त्याच शेतात, थंडीत रोपे लावून हे पीक घेतात. काढलेला कांदा वाळवून त्याच्या पातीची वेणी घालतात, तीच माळ.

कांदा गोड, मग साखरेच्या रुग्णाला चालेल का? बेताने जरूर चालेल. कांद्याचा उग्रपणा गंधकयुक्त घटकांमुळे असतो. ते यात कमी, म्हणून मूळची गोडी जिभेला जाणवते आणि चिरताना डोळ्यांत पाणीही कमी येते. १०० ग्रॅम कांद्यात साधारण ४० कॅलरी, थोडे क जीवनसत्त्व व तंतू असतात. शिजवल्यावर क जीवनसत्त्व घटते. म्हणून आपण तो कच्चाच, लिंबू पिळून खावा. भजी चवीसाठी ठीक, तब्येतीसाठी नव्हे.

मात्र कांदा म्हणजे औषध नव्हे. त्याच्या भरवशावर गोळ्या सोडू नयेत. कच्चा कांदा खाऊन मशिदीत जाऊ नये, अशी हदीस आहे. तेव्हा इशाच्या नमाजनंतरच्या जेवणात तो घ्यावा, हे उत्तम.