शस्त्रक्रियेचे श्रेय आणि निवडीचा प्रश्न

मोठ्या आतड्याचा कर्करोग फुप्फुसात पसरला आणि तेथील गाठी थोड्या असल्या, की त्या शस्त्रक्रियेने काढाव्यात, असा सल्ला गेली अनेक दशके जगभर दिला जातो. आधार असा की, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बरेच जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. ती न केल्यास शेकडा पाचही राहणार नाहीत, असे गृहीत धरले जाते. परंतु शस्त्रक्रियेसाठी निवड कोणाची होते? ज्यांचा रोग मंदगती आणि प्रकृती धडधाकट, त्यांची. ते तसेही अधिक जगले असते काय, हे त्या आकडेवारीत विचारलेलेच नसते. गुणवंतांनाच प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयाने निकालाचे सारे श्रेय आपल्या अध्यापनाला द्यावे, तसाच हा प्रकार आहे.

ब्रिटनमधील शल्यविशारद टॉम ट्रेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या चाचणीत हाच प्रश्न विचारला. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली : काहींवर शस्त्रक्रिया, इतरांवर केवळ बारकाईने देखरेख. २०१९ च्या अहवालानुसार शस्त्रक्रियेविना पाच वर्षे जगणारे अंदाजे २९ टक्के निघाले. २०२० च्या ९३ रुग्णांच्या अहवालात मध्यक आयुर्मान शस्त्रक्रियेच्या गटात ३.५ वर्षे, तर दुसऱ्यात ३.८ वर्षे होते. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने चाचणी आटोपती घ्यावी लागली. म्हणून अल्पसा लाभ असूही शकेल. मात्र मोठा लाभ गृहीत धरण्याचा आधार ढासळला आहे.

असे संशोधन बाजार आपणहून करणार नाही. शस्त्रक्रिया न करण्यातून कोणाला नफा होत नाही. ते सार्वजनिक संस्थांनीच करावयाचे असते आणि त्या ते करू शकतात. शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगात मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढत नाही, हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ३५० स्त्रियांच्या चाचणीतून २०१५ मध्ये दाखविले.

शस्त्रक्रिया सरसकट त्याज्य ठरवावी, असा याचा अर्थ नव्हे. परंतु जमीन गहाण टाकून उपचाराचा पैसा उभा करणाऱ्या कुटुंबाला ही अनिश्चितता स्पष्ट शब्दांत कळलीच पाहिजे. अंधारात ठेवून घेतलेली संमती ही संमती नव्हे. रुग्णासोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याने डॉक्टरांना आदरपूर्वक, पण निःसंकोचपणे दोन प्रश्न विचारावेत : शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? आणि ते कशावरून?