पाळीआधीचे आठ-दहा दिवस

जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेत, पाळी कुणाला आलीय हे शोधायला मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. आपण सगळे पेटून उठलो. पोस्ट टाकल्या, मीही टाकली. मुख्याध्यापिकेला अटक झाली, हळूहळू विषय मागे पडला. पण पाळीचा जो त्रास डागासारखा डोळ्यांना दिसत नाही, त्यावर शहापूर-मुरबाडात कोण बोलतं?

काही बायकांना पाळीआधीचे आठ-दहा दिवस नको होतात. कारण नसताना रडू, टोकाचा राग, झोप उडालेली, जीव नकोसा. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत बाई पूर्ववत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. नवरा म्हणतो नाटकं करते, सासू म्हणते बाहेरचं आहे, मग भगत. दवाखान्यात रक्त तपासलं तर रिपोर्ट नॉर्मल. झालं, नाटकावर शिक्काच!

रिपोर्ट नॉर्मलच येणार. पीएमडीडी नावाच्या या आजारात हार्मोनची पातळी बिघडलेली नसते, मेंदू त्या चढउताराला वेगळा प्रतिसाद देतो. १९९८ साली अमेरिकेत यावर प्रयोग झाला. तेच हार्मोन दिल्यावर त्रास असलेल्या बायकांचा त्रास परतला, बाकीच्यांना काहीच झालं नाही.

ओळखायला मशीन लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी पाळीची तारीख असतेच. दोन महिने तिथेच रोज खूण करा, आज मन कसं होतं. त्रास फक्त पाळीआधीच येत असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. (आणि दादांनो, ती तुमच्या दारूवरून भांडली तर ते पाळीमुळे नाही, दारूमुळे.)

औषध आहे. फ्लुओक्सेटिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, बऱ्याच जणींना डॉक्टरच्या सल्ल्याने महिन्यातले दोन आठवडेच घेऊन भागतं. पण मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणची एसटी, पुढे लोकल, आणि दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून मागणी साधी आहे: शहापूरच्या उपजिल्हा आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाचा ठरलेला वार हवा, त्याची पाटी दारात हवी. आशाताई पाळीची विचारपूस करतात, त्यात हा एक प्रश्न वाढवा. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, तेव्हा त्याचे पैसेही द्या.

तोवर कुणाला जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारी, फुकट, रात्रीही चालू. मराठीत बोलता येतं.