धाव म्हणजे वेग नव्हे



कार्तिकी जवळ आली की आमच्या दुसरबीडच्या पारावर एक बोलणे हमखास ऐकू येते. "संतांनी देवाकडे धाव घेतली, आम्ही गाडीने धाव घेतो. रात्री निघायचे, पहाटे चंद्रभागेचे स्नान, मुखदर्शन, कळसाला हात जोडायचे आणि दिवेलागणीला घरी. धाव ती धावच!" असे बोलणारे भाविकच असतात, गळ्यात माळ असते, म्हणून त्यांना हसून सोडून देता येत नाही. त्यांनी एका जुन्या शब्दाचा आधार घेतला आहे आणि तो शब्द अगदी उलटा लावला आहे.

आपल्या घरात गाथा असेलच. ती उघडा आणि जिथे जिथे 'धाव' येईल तिथे थांबून एकच पाहा: धावायचे कोणी? नामदेवराय, जनाबाई, चोखोबा, तुकोबा, कोणाचेही अभंग घ्या. बहुतेक ठिकाणी हा शब्द देवाला उद्देशून आलेला दिसेल. भक्त संकटात उभा आहे, त्याचे पाय थकले आहेत, आणि धावायचे आहे ते विठाईने. गाय वासरासाठी धावते, आई लेकरासाठी धावते, तसे. भक्ताच्या वाट्याला आहे ती हाक. म्हणून तर मराठीत त्या हाकेलाच 'धावा' म्हणतात. धावा करणे म्हणजे पळणे नव्हे, कळवळून बोलावणे. हाक मारणे आणि हाकेला येणे, दोन्हींना एकाच मुळाचा शब्द आहे हे आपल्या भाषेचे मोठे भाग्य. (वर्तमानपत्रात हल्ली 'धावा बोलला' असे छापून येते, म्हणजे हल्ला केला. ते हिंदीचे उसने आहे. मराठी माणूस धावा करतो, बोलत नाही.)

शब्द फार जुना आहे. पाणिनीच्या धातुपाठात 'धाव्' या धातूला दोन अर्थ दिले आहेत, गती आणि शुद्धी. दंतधावन म्हणतो तेव्हा दात कुठे पळत नाहीत, ते स्वच्छ होतात. धौत म्हणजे धुतलेले, तेही याच घरातले. आपल्या जुन्या पोथ्यांत 'धांव' असे अनुस्वारासकट लिहीत. 1962 च्या लेखननियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. अनुस्वार गेला त्याचे दुःख नाही. शब्दातली हाक गेली आणि नुसता वेग उरला, याचे आहे.

शेतकऱ्याने मात्र हा शब्द नीट सांभाळला होता. मोट चालायची तेव्हा विहिरीच्या थारोळ्यापासून बैलांच्या जाण्यायेण्याची जी उतरती वाट असे, तिला धाव म्हणत. त्या धावेवर बैल पळत नसत, नाडा ओढत पावलापावलाने उतरत आणि मागे सरत चढत. विहीर जितकी खोल तितकी धाव लांब. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी पट्टा तापवून चढवतात, तीही धावच. रस्त्याचा दगडधोंडा ती झेलते, म्हणून लाकूड टिकते. दोन्ही धावांत घाई कुठेच नाही. ज्यांनी मोट पाहिली आहे त्या म्हाताऱ्यांना विचारा, ते हे माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

आता कोणी म्हणेल, वारकरीही धावतो की! धावतो. माउलींच्या सोहळ्यात माळशिरसहून वेळापूरला जाताना टेकडीवरून उताराला सारे धावतात. तुकोबांना तिथून पंढरीच्या मंदिराचे शिखर दिसले आणि ते धावत सुटले, अशी परंपरा आहे. त्या जागेच्या खेळालाच 'धावा' म्हणतात. पण हे घडते कधी? आळंदीपासून सुमारे दोन आठवडे चालून झाल्यावर. आधी चाल आहे, मग ओढ, मग धाव. चाल गाळून नुसती धाव उचलणे म्हणजे नांगरट न करता कणसे मागणे.

आणि देव कसा धावतो? भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्राची कथा आहे. देव गरुडावर बसून निघतो. गरुडापेक्षा वेगवान वाहन कोणते? पण मगरीने धरलेला हत्ती दिसताच तो गरुडावरून खाली उतरतो. वेगाचे साधन मागे राहते आणि देव स्वतः पुढे होतो. हे कीर्तनात आपण शेकडो वेळा ऐकले, माना डोलावल्या, आणि बाहेर येऊन गाडीची किल्ली फिरवली.

आमच्या भागातून समृद्धी महामार्ग गेला. 701 किलोमीटरचा, ताशी 120 च्या वेगाचा. माझे त्या रस्त्याशी भांडण नाही. अडलेली बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोहोचत असेल तर त्या रस्त्यालाही नमस्कार. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना रजा मिळत नाही, त्यांनी गाडीने जावे, पांडुरंग त्यांना परका नाही. माझे भांडण आहे ते वेगाला 'धाव' हे पवित्र नाव देण्याशी. 31 ऑक्टोबर 2022 ला सांगोल्याजवळ जुनोनीत भरधाव मोटार दिंडीत घुसली, 7 वारकरी गेले. 2023 ची आषाढी होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच आमच्याच तालुक्यात पिंपळखुट्याच्या शिवारात मध्यरात्री बस पेटली, 25 जीव गेले. 'भरधाव' या शब्दातही धाव आहे, माउली. ती कोणाच्या हाकेला निघालेली नव्हती.

याच्याही आधीची गोष्ट आपण विसरलो आहोत. 20 ऑगस्ट 2021 ला दुसरबीडजवळ ताढेगाव फाट्याच्या बाजूला लोखंडी सळया नेणारा टिप्पर उलटला. सळयांवर मजूर बसलेले होते. 13 जण गेले. महामार्गाच्या कामावरचे ते मजूर, पोटासाठी घर सोडून आलेले. ज्या रस्त्यावरून आपण पंढरीला 'धाव' घेतो, तो अशा हातांनी बांधला आहे.

इथून जवळच, देऊळगावराजा तालुक्यात मेहुणाराजा आहे, चोखोबांचे जन्मगाव मानतात ते. चोखोबाही मजूरच. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते तिच्याखाली गेले. साल 1338. देवळात ज्याला प्रवेश नव्हता अशा त्या माणसाच्या अस्थींसाठी पंढरीहून कोण गेले? नामदेवराय. ढिगाऱ्यातून ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी वेचल्या, आणून महाद्वारापाशी समाधी दिली, असे संतचरित्रे सांगतात. आज नामदेव पायरीला पाय न लावता आपण आत जातो, तेव्हा समोरच ती समाधी असते. संप्रदायातली मला ठाऊक असलेली सर्वांत मोठी धाव हीच, पंढरीकडे नव्हे, पंढरीहून मंगळवेढ्याकडे गेलेली.

मग मला सांगा, ताढेगावच्या त्या 13 जणांच्या नावाने आपल्यापैकी किती भजनी मंडळांनी एक तरी अभंग म्हटला? किती जणांना त्यांची नावे ठाऊक आहेत?

यंदा पायी दिंडी निघेल तेव्हा तिने थोडी वाट वाकडी करून ताढेगाव फाट्यावर जावे, वीणा तिथे थांबावी आणि चोखोबांचा एक अभंग व्हावा, असे मी गावातल्या विणेकऱ्यांना सुचवले आहे. गाडीने जाणाऱ्यांनीही तिथे उतरावे. इंजिन बंद करून.