‘की अँड का’ : अदलाबदलीचे पुरोगामित्व

आर. बाल्की यांचा ‘की अँड का’ हा चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. तेव्हापासून स्त्रीवादावरचे चर्चासत्र असो वा पदवीच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प, त्याचा दाखला येतो आणि बहुधा कौतुकानेच येतो. या कौतुकालाच माझा आक्षेप आहे.

कथानक परिचित आहे. किया (करीना कपूर) ही मार्केटिंग क्षेत्रातली महत्त्वाकांक्षी अधिकारी. तिला कंपनीच्या शिखरावर पोहोचायचे आहे. कबीर (अर्जुन कपूर) हा बड्या बांधकाम व्यावसायिकाचा हुशार मुलगा. त्याला आपल्या आईसारखे घर सांभाळायचे आहे. ती कमावते, तो रांधतो. प्रेक्षक हसतो, आपण पुरोगामी झालो असे समजतो आणि घरी जाऊन वाढलेल्या ताटावर बसतो.

पण किया नेमके काम काय करते? कबीरचे स्वयंपाकघर, आगगाड्यांनी सजवलेले घर, वसाहतीतल्या बायकांचा व्यायाम हे सारे दिग्दर्शक हौसेने दाखवतो. कियाच्या वाट्याला मात्र बैठका आणि बढतीची बातमी. तिने कोणता निर्णय घेतला, तो कुठे फसला, कामात तिला रस कशाचा, याचा पत्ता लागत नाही. महत्त्वाकांक्षा म्हणजे कामाची ओढ नव्हे, पदाची हाव, असेच जणू पटकथेने गृहीत धरले आहे. त्यामुळे उत्तरार्धात नवऱ्याला प्रसिद्धी मिळू लागताच ही बाई मत्सराने पेटते याचे नवल वाटत नाही. बिचारा समंजस नवरा आणि चढेल बायको! हे तर आपल्या जुन्या फार्सातलेच जोडपे.

‘हलकाफुलका चित्रपट आहे, त्यावर एवढा भार कशाला?’ असे आमचे काही सहकारी म्हणतात. विनोदाला काम पेलत नाही, हे मला मान्य नाही. माइक निकोल्स यांच्या ‘वर्किंग गर्ल’मध्ये (१९८८) सेक्रेटरी टेसला सुचलेली रेडिओ केंद्रांच्या खरेदीची कल्पना हाच कथेचा कणा आहे. तिथेही खलनायिका म्हणून दुसरी बाईच उभी केली आहे, हा दोष आहेच. पण टेसची बुद्धी आपल्याला चालताना दिसते.

आणि इतक्या दूर तरी कशाला जायचे? शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून जब्बार पटेल यांनी केलेला ‘उंबरठा’ १९८२ चा. त्यातली सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक होते, तेव्हा आश्रमातल्या बायका, व्यवस्थापक मंडळाची दांडगाई, पदोपदी होणारी कोंडी हे सगळे पडद्यावर येते. घर सोडण्याची किंमत ती मोजते; पण ती कशासाठी मोजली हे आपण पाहिलेले असते. त्याही आधी, १९३३ साली, विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने शिकलेल्या, मिळवत्या मुलींची घुसमट मांडली होती. मराठी वाचकाला ‘की अँड का’ने नवे काय दिले? एक ॲप्रन घातलेला पुरुष.

जाता जाता व्याकरणाचे एक. चित्रपटाचे नाव हिंदीच्या दोन लिंगांवर बेतलेले आहे. मराठीत तिसरे लिंग आहे, आणि मराठीत ‘काम’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे : घरचे काम, कचेरीचे काम. बाल्कींच्या जगात मात्र घर जणू स्वभावतःच ‘की’चे आणि कचेरी ‘का’ची, फक्त माणसांनी जागा बदलायच्या. जागांची वाटणीच चुकीची असेल, ही शंका कोणाला येत नाही.

पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी या चित्रपटाविषयी बोलताना मला अवघडल्यासारखे होते ते याचमुळे. कबीरला निदान नाकारायला तरी बापाची इस्टेट आहे. आमच्या वर्गातल्या मुली सकाळचा स्वयंपाक उरकून एसटी पकडतात. कापसाच्या हंगामात वेचणीलाही जातात. त्यांची आई घरही सांभाळते आणि शेतही. तिथे ‘एकाने कमवायचे, एकाने रांधायचे’ ही वाटणी कधी झालीच नव्हती. यातली एखादी उद्या नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला लागली, तर तिला रांधणारा राजपुत्र मिळण्याचा संभव नाही. रात्रपाळी संपल्यावर गावी परतायला वाहन आहे का, पगार कोणाच्या हाती जाणार आणि भाऊ आपले ताट उचलणार का, हे तिचे प्रश्न असतील. त्यावर एक चांगला विनोदी चित्रपट निघू शकतो. तो अद्याप माझ्या पाहण्यात नाही.