अपडेटनंतर कॉम्प्युटर अडला? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने एकाच दिवशी दोन गोष्टी केल्या. विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपवला आणि विंडोज ११ साठी महिन्याचं नेहमीचं अपडेट सोडलं. पहिली बातमी सगळीकडे झळकली. दुसरीची चर्चा कमी झाली, पण घरी कॉम्प्युटर असणाऱ्यांना तिच्यातून शिकण्यासारखं जास्त आहे.

केबी५०६६८३५ नावाचं ते अपडेट बसल्यावर विंडोजच्या रिकव्हरी स्क्रीनमध्ये यूएसबी माउस आणि कीबोर्ड चालेनासे झाले. रोजच्या कामात काही फरक नाही. पण कॉम्प्युटर बिघडला आणि तुम्ही दुरुस्तीच्या स्क्रीनवर पोचलात, की समोर पर्याय दिसतायत आणि एकही निवडता येत नाही! दुरुस्तीचं अपडेट, केबी५०७०७७३, २० ऑक्टोबरला आलं. आपल्याकडे त्या दिवशी नरक चतुर्दशी होती, म्हणजे बऱ्याच जणांना हा घोळ कळलाही नसेल.

अशी बातमी आली की इथे छत्रपती संभाजीनगरात मला ओळखीतून दोन प्रश्न हमखास येतात. "अपडेट कायमचं बंदच करून टाकू का?" आणि "दुकानातून फॉरमॅट मारून आणू का?" दोन्हीला माझं उत्तर नाही असंच असतं. का, ते क्रमाने बघू.

फोन अपडेट होतो तेव्हा असं का होत नाही?

तुमच्यापैकी बहुतेकांचा रोजचा कॉम्प्युटर म्हणजे फोनच. फोन रात्री अपडेट होतो, सकाळी चालू असतो. त्यामागे एक सोय आहे. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, बऱ्याच फोनमध्ये सिस्टमसाठी दोन जागा राखलेल्या असतात. तुम्ही एक वापरत असता तेव्हा नवीन अपडेट दुसऱ्या जागेत बसतं. रीस्टार्टनंतर नवीन सिस्टम चालू झाली नाही, तर फोन मुकाट जुन्या जागेवर परत येतो. शिवाय फोन बनवणाऱ्या कंपनीला आतला प्रत्येक पार्ट माहीत असतो.

विंडोजला ही चैन नाही. तेच अपडेट मोठ्या ब्रँडच्या लॅपटॉपवरही चालायला हवं आणि गल्लीतल्या दुकानात पार्ट जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवरही. अपडेट बसता बसता फसलं, तर विंडोज 'अनडूइंग चेंजेस' दाखवून बहुतेक वेळा स्वतःच मागे येतं. खरा त्रास वेगळाच असतो: अपडेट नीट बसतं, आणि नंतर प्रिंटर, वायफाय, आवाज किंवा मशीन सुरू होणंच बिघडतं.

यात वेळेचाही भाग आहे. ही मासिक अपडेट्स अमेरिकेत महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी १० ला सुटतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे आपल्या हातात ती बुधवारी पडतात आणि ती तारीख कायम ९ ते १५ च्या दरम्यान येते. वाळूजला वर्कशॉप आणि घरच्या कॉम्प्युटरवर हिशेब, अशी बरीच कुटुंबं इथे आहेत. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि ३बी ची सहसा २०. त्यामुळे अपडेटचा गोंधळ झाला, तर तो नेमका रिटर्न भरायच्या दिवसांत होतो.

खरंच अपडेटनेच केलं का?

ऑगस्ट २०२५ आठवा. १२ ऑगस्टच्या विंडोज ११ अपडेटनंतर मोठ्या फाइल्स कॉपी करताना एसएसडी गायब होतात, अशी तक्रार जपानमधल्या एका युजरने केली. काही दिवसांत यूट्यूबभर 'हे अपडेट टाकू नका' सुरू झालं. एसएसडीचे कंट्रोलर बनवणाऱ्या फायसन कंपनीने ४,५०० तासांहून जास्त चाचण्या केल्या, पण बिघाड पुन्हा घडवता आला नाही. मायक्रोसॉफ्टलाही अपडेटशी संबंध सापडला नाही.

याचा अर्थ तक्रार करणारे खोटं बोलत होते असा नाही. डिस्क अपडेट नसतानाही मरतात. त्या आठवड्यात मेलेल्या डिस्कचा दोष मात्र अपडेटच्या नावावर गेला. म्हणून आधी दोन गोष्टी तपासा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे 'अपडेट हिस्टरी' उघडून तारीख बघा. मग स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधा. कोणत्या दिवशी काय बंद पडलं, याचा दिनदर्शिकेसारखा तक्ता दिसेल. बिघाड अपडेटच्या आधीचा निघाला, तर अपडेट काढून काहीच हाती लागणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर 'विंडोज रिलीज हेल्थ' हे पान आहे, तिथे कंपनीने मान्य केलेल्या अडचणी तारखेसह मिळतात. फॉरवर्ड मेसेजपेक्षा ते पान बरं.

अडलाच, तर हा क्रम

यात सोपं आधी आणि डेटाला धोका असलेलं सगळ्यात शेवटी ठेवलंय.

१. थांबा. टक्के पुढे सरकत नाहीत म्हणून लगेच बटण दाबू नका. जुन्या हार्ड डिस्कवर तासभर लागणं नवल नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला ठेवा.

२. स्क्रीनवर जो एरर कोड आहे त्याचा फोनने फोटो काढा. नंतर शोधायला किंवा दुकानात दाखवायला तोच उपयोगी पडतो. 'काहीतरी निळं आलं होतं' यावर कोणालाच काही करता येत नाही.

३. पूर्ण शटडाउन करा, पेन ड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम सगळं काढा आणि पुन्हा चालू करा.

४. मशीन चालू होतंय, पण वायफाय गेलंय? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट मिळालं की अर्धी लढाई संपली. मग 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये बिघडलेल्या वस्तूच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. ते बटण फिकं असेल, तर ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून घ्या.

५. तरीही जमलं नाही, तर अपडेट हिस्टरीतच खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. मासिक अपडेट तिथून निघतं. विंडोजची अख्खी आवृत्तीच बदलली असेल, तर 'रिकव्हरी'त 'गो बॅक' मिळतं, पण फक्त १० दिवस. नंतर जुन्या फाइल्स विंडोज स्वतःच पुसून टाकतं.

६. मशीन सुरूच होत नसेल, तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरा आणि बंद करा. असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरी स्क्रीन येते. तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. ऑक्टोबरमध्ये लोक अडकले ते नेमके इथे. ज्यांच्याकडे टचस्क्रीन, जुन्या गोल पिनचा कीबोर्ड किंवा आधी बनवून ठेवलेला रिकव्हरी पेन ड्राइव्ह होता, त्यांची सुटका झाली.

७. विंडोज ११ चालू होतंय पण सगळं डळमळीत आहे, तेव्हा 'रिकव्हरी'मधलं 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट' वापरा. तीच आवृत्ती वरून पुन्हा बसते. फाइल्स, ॲप, सेटिंग्ज जागेवर राहतात. बरेचदा जे काम फॉरमॅटने होईल असं वाटतं, ते यानेच होतं.

फॉरमॅटची पायरी या सगळ्यानंतर येते. दुकानात ते काहीशे रुपयांत होतं, म्हणून तो सोपा उपाय वाटतो. "फक्त सी ड्राइव्ह पुसतो, डी ला हात लावत नाही" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते खरं असतं. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर सहसा सी मध्येच असतात. फायनल इयरचा प्रोजेक्ट, स्कॅन केलेलं जात वैधता प्रमाणपत्र, घरच्या लग्नाचे फोटो, सगळं तिथेच. म्हणून दुकानात आधी एकच वाक्य बोला: "डेटा काढा, मला दाखवा, मग फॉरमॅट करा."

निळी स्क्रीन आणि ४८ आकड्यांची चावी

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑक्टोबर २०२४ ला विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली, तेव्हापासून बहुतेक नव्या लॅपटॉपवर, होम एडिशनवरसुद्धा, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. लॅपटॉप चोरीला गेला तर तुमच्या फाइल्स कोणी वाचू शकत नाही. सोय चांगलीच आहे.

डिस्कची चावी टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. मशीन सुरू होताना सगळं कालसारखंच आहे ना, हे तपासून ती चिप चावी देते. अपडेटने बूटच्या फाइल्स किंवा बायोस बदललं आणि ताळा जुळला नाही, तर चिप चावी देत नाही. मग निळ्या स्क्रीनवर ४८ आकड्यांची बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाते. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर काही इंटेल प्रोसेसरच्या मशीनवर हेच झालं आणि मायक्रोसॉफ्टला १९ मे ला वेगळं अपडेट सोडावं लागलं.

ही की कुठे असते? ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला, त्या खात्यात. आणि आपल्याकडची गोम इथेच आहे. लॅपटॉप दुकानात घेतो, तिथला मुलगा "सगळं सेट करून देतो" म्हणतो आणि वेळ वाचवायला स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलने खातं उघडतो. सिडकोतल्या एका ओळखीच्या घरी असंच झालं. अपडेटनंतर इंजिनिअरिंगच्या मुलीच्या लॅपटॉपने की मागितली. तिच्या खात्यात ती नव्हती. खातं उघडून देणारा मुलगा दुकान सोडून गेला होता, ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता. लॅपटॉप दुसऱ्या दिवशी नव्याने चालू झाला, पण दीड वर्षाचं काम गेलं. अशा वेळी मायक्रोसॉफ्टही नवीन की बनवून देऊ शकत नाही. दिली असती, तर चोरालाही देता आली असती.

मग अपडेट बंद का करायचं नाही?

कारण बंद ठेवण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. त्याच भोकातून १२ मे ला वॉनाक्राय जगभर पसरला. २७ जूनला नॉटपेट्या आला आणि नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळित झालं. नॉटपेट्याला पसरायला अनेक वाटा होत्या, पण त्यातली एक मोठी वाट म्हणजे तेच मार्चमधलं, अनेकांनी न बुजवलेलं भोक.

अपडेट बंद करण्यापेक्षा थोडं लांबवा. विंडोज ११ मध्ये 'पॉज अपडेट्स'ने एक ते पाच आठवडे थांबता येतं. मी घरच्या मशीनसाठी एक आठवडा सुचवतो. ऑक्टोबरचा घोळ सहा दिवसांत मिटला होता. 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' हे बटण बंद ठेवा.

विंडोज १० वाल्यांनी काय करायचं? मशीनमध्ये टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर असेल, तर विंडोज ११ चालेल. नसेल, तर 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स'मध्ये नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट्स घेता येतात. सेटिंग्जचा बॅकअप क्लाउडवर चालू केला तर पैसे लागत नाहीत. त्यालाही मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि ते तुमचंच असायला हवं.

आज दहा मिनिटं काढा

- सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडा. दिसणारा ईमेल तुमचाच आहे का? नसेल, तर लॅपटॉप चालू आहे तोवरच बदला.
- फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, 'डिव्हायसेस'मध्ये रिकव्हरी की शोधा. कागदावर लिहून लॅपटॉपच्या बिलाबरोबर ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.
- ३२ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह' चालवा. त्यात आधीचं जे असेल ते पुसलं जातं.
- सगळ्यात महत्त्वाचा एक फोल्डर निवडा आणि गूगल ड्राइव्हवर चढवा. १५ जीबी मोफत आहे.
- डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल, तर वीज जाण्याची शक्यता असताना अपडेटचं रीस्टार्ट करू नका. बायोसचं अपडेट तर नाहीच.

आणि नवीन लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा, दुकानदार कितीही घाईत असला तरी, खातं स्वतःच्या ईमेलने आणि स्वतःच्या नंबरवर उघडा. फार तर पंधरा मिनिटं जास्त लागतील.