उपाशीपोटी म्हणजे नेमकं कधी?

वस्तीतल्या बैठकीनंतर एक ताई मागे थांबल्या. थायरॉईडची गोळी वर्षभर चालू आहे, तरी टीएसएच उतरत नाही. डोस दोनदा वाढवला. दवाखान्यात ऐकून घ्यावं लागलं, "तुम्ही गोळ्या नियमित घेत नाही." घरी नवराही तेच म्हणतो.

मी त्यांना सकाळपासूनचा दिवस विचारला. पाचला नळाला पाणी येतं. ते भरून झालं की सगळ्यांचा चहा. त्या चहाच्या पहिल्या घोटाबरोबर तीन गोळ्या: थायरॉईडची, लोहाची, कॅल्शियमची. "एकदाच घेऊन टाकते, नंतर कामात राहून जातं." एकही दिवस चुकलेला नव्हता!

थायरॉक्सिनची गोळी लहान आतड्यात शोषली जाते, तीही पोट रिकामं असताना चांगली; साधारण ७० ते ८० टक्के. लोह आणि कॅल्शियम तिला आतड्यातच बांधून ठेवतात, मग ती रक्तात पुरेशी पोचत नाही. म्हणून या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर हवं. जळजळीवरची औषधं, सोयाबीन, दूध, कॉफी यांचीही आडकाठी होते. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. हे ताईंना कुणीच सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर दोनच शब्द होते: सकाळी, उपाशीपोटी.

आता ही सकाळ कुणाची? उठून तासभर काही न खाता-पिता थांबायचं आणि त्याच तासात सगळ्यांचं खाणंपिणं करायचं, हे एकाच बाईकडून अपेक्षित आहे. गरोदर बाईची गत आणखी अवघड. लोह-कॅल्शियम सरकारी केंद्रातून मिळतं, थायरॉईडची गोळी भलत्याच डॉक्टरांकडून, आणि एकाची चिठ्ठी दुसरा बघत नाही. पहिल्या काही महिन्यांत पोटातल्या बाळाला आईच्याच हार्मोनचा आधार असतो, तरी ही चौकशी होत नाही. "गोळी कशाबरोबर घेता?" एवढं विचारायला किती वेळ लागतो?

रात्री झोपतानाही ही गोळी चालते. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्री घेतलेल्या गोळीचा परिणाम सकाळपेक्षा चांगला दिसला. पण जेवणानंतर तीन तास जायला हवेत. सगळ्यांची पानं उचलून जी साडेदहाला जेवते, तिनं काय दीडपर्यंत जागायचं?

मैत्रिणींनो, म्हणून कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका, वेळा मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि वेळ बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. गोळी नीट शोषली जाऊ लागली, तर वाढवलेला डोस जास्त होऊन छातीत धडधड, घाम, झोप उडणं असं होऊ शकतं. हे सांगायचंही बहुतेक राहून जातं.

मी ताईंबरोबर पुन्हा दवाखान्यात गेले. वेळा ठरल्या: थायरॉईडची पाचला, हंडा भरताना, पाण्याबरोबर, लोहाची दुपारी, कॅल्शियमची रात्रीच्या जेवणानंतर. सहापर्यंत त्यांनी काही घ्यायचं नाही. तोवर चहा मुलगा करतो. साखर फार घालतो, अशी सासूबाईंची तक्रार आहे. पुढच्या महिन्यात रक्त तपासायचं आहे.