ब्रह्मदेशाचे बदलते नकाशे

ज्या मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, त्या ब्रह्मदेशाचा खरा नकाशा आज काढावा तरी कसा? १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. २७ ऑक्टोबर २०२३ पासून वांशिक सशस्त्र संघटनांनी ठाण्यांमागून ठाणी घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये लाशिओ पडले. एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या मध्यस्थीने ते पुन्हा लष्कराकडे गेले. जानेवारी २०२४ मध्ये आराकान आर्मीने पलेत्वा घेतले आणि भारताच्या कलादान मार्गाचा मोक्याचा दुवाच लष्कराच्या हातून निसटला.

नकाशावरील रंग ठाण्यावर निशाण कोणाचे एवढेच सांगतो. रात्री रस्ता कोणाचा, कर कोण घेतो, शाळा कोण चालवितो, हे तो सांगत नाही. म्हणून केवळ राजधानीशी बोलून सीमा सांभाळता येईल, हा भ्रम दिल्लीने सोडावा. प्रत्यक्ष भूमी ज्यांच्या हाती, त्यांच्याशीही बोलणे राखले पाहिजे. आणि मिझोराममध्ये आश्रयास आलेला निर्वासित कोणत्या रंगाच्या मुलखातून आला, हे न विचारता त्यास आसरा द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. रंग पालटतात, उजाड झालेले घर तसेच राहते.